काचेवरची ओटी

आमची ऋता फेसबुकवर आम्हाला मेली, व्हॉट्सअ‍ॅपवर मुकी झाली आणि इन्स्टाग्रामवर मात्र सातव्या महिन्यात छान गरगरीत दिसत होती. एकाच पोरीच्या किती तऱ्हा बघायच्या आईबापांनी! फेसबुकवर तिनं आम्हाला ब्लॉक केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या निरोपाला उत्तर नाही. इन्स्टाग्राम तेवढं सगळ्यांना उघडं होतं, म्हणून आम्हालाही.

कारण काय, तर तिनं बंगाली मुलगा पसंत केला आणि ह्यांनी "पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस" म्हणून हाकललं. अहो, तीन पिढ्या कोलकात्याच्या बागबाजारात गेल्या, इलिश माशाचे काटे चोखत बसता, आणि जावई तेवढा बंगाली नको! पोरगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, न्यू टाउनला गेली ती गेलीच.

आता रोज चहाबरोबर हे स्वतःच टॅबलेटवर तिचे फोटो उघडून बसतात. अकाउंटही ह्यांच्याच नावाचं, सदाशिवरावांचं. मला बजावायचे, "नुसतं बघ, शकुन. बघितलेलं तिला कळत नाही. हात लावू नकोस."

काल फोटो आला. सासरी तिची 'साध' झाली, म्हणजे आपलं डोहाळजेवण. तिच्या सासूबाई तिला पायेस, म्हणजे त्यांची खीर, भरवत होत्या. माझा जीव तीळतीळ तुटला. पहिलटकरीण माझी, आणि तिची ओटी कोण भरणार?

आज सकाळी हे आंघोळीला गेल्यावर मी तो फोटो उघडून टॅबलेट पाटावर उभा केला. पुढ्यात खण, नारळ, तांदूळ ठेवले. काचेवरच तिच्या कपाळाला हळद लावली आणि लगेच कुंकू. तर मेलं भसकन मोठं लाल बदाम उमटलं!

माझी हाक ऐकून हे टॉवेलवरच धावत आले. "अगं, दोनदा बोट टेकलं की लाइक जातं! माझ्या नावानं गेलं!"

"जाऊ दे की. कळू दे तिला, बापाला आवडलं म्हणून."

मग दिवसभर हे फोन खिशातून काढून बघत होते. मीही आशेला लागले होते, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी उघडलं. 'हे पान उपलब्ध नाही.' म्हणजे इथंही ब्लॉक!

आता बाळ झालं तरी आम्हाला कोण सांगणार? हे मला एका शब्दानं बोलले नाहीत, बोलले असते तर बरं वाटलं असतं. मी फडकं घेऊन काचेवरचं हळदकुंकू पुसायला लागले, तर ह्यांनी हात धरला.

"राहू दे," म्हणाले, "माहेरचं तेवढंच लागलंय तिला."