बेटावरचा एक कमी करा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पक्षी आहे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की मधोमध वाळूचं एक बेट उघडं पडतं. तिथे लोखंडी गजावर मी बसलेला असतो. काळी टोपी, पिवळी चोच, कात्रीसारखी शेपटी. लांबून पाहाल तर म्हणाल, हा सुरय पक्षीच. जवळून पाहाल तर रंगाचे पोपडे दिसतील, तेव्हा लांबूनच पाहिलेलं बरं.

माझा जन्म एका चुकीतून झाला. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना पाखरांचं भारी वेड. तेव्हा दर उन्हाळ्यात या बेटावर सुरय अंडी घालत. घरटी जवळून दिसावीत म्हणून एके वर्षी बाई हौसेने अख्खा वर्ग होडीतून बेटावर घेऊन आल्या. पण सुरय घरटं बांधतच नाही. तो वाळूत खळगा करतो आणि त्याची अंडी हुबेहूब खड्यांसारखी दिसतात. चाळीस पोरांच्या पायांखाली काय चिरडलं, ते बुटांचे तळवे पाहिल्यावर बाईंना कळलं. पुढच्या उन्हाळ्यात एकही पक्षी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मग बाई सुट्टीत समुद्रकिनारी जाऊन बसू लागल्या. तिथले सुरय वाळूवर कसे बसतात, मान कशी वळवतात, ते त्यांनी वहीत काढलं आणि चित्रं सुताराला दिली. पाखरू अनोळखी जागी उतरत नाही, आपलं माणूस दिसलं की उतरतं, असं त्यांचं म्हणणं. सुतार म्हणाला, "बाई, जन्मभर खुर्च्या-टेबलं केली. हे कुणाला बसायला?" तरी त्याने आम्हा सात भावंडांना मन लावून कोरलं. चोची बाईंनी स्वतः रंगवल्या.

पहिली काही वर्षं चैनीची गेली. उन्हाळा संपला की बाई आम्हाला घरी नेत आणि फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवत. कावळे डोक्यावर घाण करून जात, एवढाच काय तो त्रास. पुढे बाईंचे गुडघे गेले आणि होडीत चढणं सुटलं. आम्ही बेटावरच राहिलो. पाणी चढलं तसे बुडालो. एकेक करत सगळी भावंडं वाहून गेली, मी तेवढा गजाला गच्च बसलेला. वर्षाचे आठ महिने मी पाण्याखाली असतो, मित्रांनो. तिथे अंधार असतो आणि मासे असतात, पण मासे कुणाशी बोलत नाहीत. बाहेर आलो की आभाळाकडे बघत बसायचं. माझं काम एकच, कुणाला तरी बोलवायचं, आणि कुणी येत नाही. फार एकटं वाटतं.

बाई मात्र दर उन्हाळ्यात काठावर येत. लेक दूर राहायची. वर्षातून एकदा, याच दिवसांत ती यायची आणि आईसाठी काठावर खुर्ची मांडायची. पाण्यावरून आवाज लांब जातो, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. पुढे बाईंचे डोळेही अधू झाले. एका सकाळी दुर्बीण लावून त्या म्हणाल्या, "आला गं! एक आला!"

लेकीने पाहिलं. लाकूड तिने लगेच ओळखलं. पण म्हणाली, "हो आई, आला." आणि पक्षी मोजायच्या वहीत 'एक' लिहिलं. असं चार वर्षं चाललं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ओरडून सांगावंसं वाटे, अहो बाई, तो मी!

यंदा एके सकाळी वरून कर्कश साद आली आणि एक खराखुरा सुरय माझ्या शेजारी उतरला. मागोमाग त्याची जोडीदारीण. तिने मला निरखलं, एकदा चोच मारून पाहिली, आणि माझ्या सावलीत पोट घासून खळगा केला. चार दिवसांत तिथे ठिपक्यांची दोन अंडी होती.

मग मायलेकी आल्या. लेकीने दुर्बीण लावली.

"आई, आज तीन आहेत."

बाईंनी मान वळवून कानोसा घेतला. मग म्हणाल्या, "एक लाकडाचा. म्हणजे दोन खरे. मघाशी ओरडला, तेव्हाच ओळखलं मी."

"तुला ठाऊक होतं?"

"खरा सुरय तासन्‌तास एका जागी बसेल होय? पण 'कुणी नाही' म्हटलं असतं, तर पुढच्या वर्षी तू आली असतीस का?"

लेकीने दुर्बीण खाली ठेवली. तिने नाक पुसलं, ते मला ऐकू आलं. मग म्हणाली, "थांब, होडी मिळते का बघते. इथून तुला काय दिसणार?"

"नको," बाई म्हणाल्या. "इथूनच. तू बघ आणि मला सांग. आणि आधी ते चार वर्षांचे एक-एक खोडून टाक."

लेक संध्याकाळपर्यंत सांगत होती. बाई ऐकत होत्या.

पिल्लं उडतील, पाणी चढेल आणि मी पुन्हा बुडेन. पुढच्या उन्हाळ्यात खुर्ची मांडली जाईल की नाही, कोण जाणे. मित्रांनो, पाण्याकाठी आलात तर काठावरच थांबा. कुणी तुम्हाला बोलवायला पाखराचं निमित्त काढत असेल, तर पाखरू आलं नाही तरी जा. आणि बेटावरचे पक्षी मोजाल तेव्हा एक कमी करा. तो मी.