त्या दिवशी मचाणावर

१९६१ साली रजांग नदीवर नवा नियम आला. परवाना नसलेल्या माणसाने मोठ्या जहाजाला वाट दाखवायची नाही. तोवर माझे बाबा, साहारी, कितीतरी वर्षं समुद्राच्या मुखापासून वर सिबूच्या बंदरापर्यंत जहाजं नेत होते. कप्तान दोरीची शिडी सोडायचा, बाबा वर चढून सुकाणूवाल्याच्या शेजारी उभे राहायचे, आणि सिबूला पोचलं की मिळेल त्या होडीने घरी यायचे. आता बंदर खात्याचा शिक्का लागणार होता. तो मिळाला नाही तर उरलेला जन्म लाकडाच्या तराफ्यांवर बांबू रेटत काढायचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

डोळे तपासून झाले, तोंडी प्रश्न झाले. शेवटची परीक्षा उरली. परीक्षक साहेबांसमोर एक जहाज सिबूला न्यायचं होतं. बाबा आधीच मुखाजवळच्या वाटाड्यांच्या ठाण्यावर जाऊन बसले होते. त्यांचा मित्र बुजांग काही महिन्यांपूर्वीच पास झाला होता. परीक्षेच्या जहाजावर परवानेवाला माणूस हवा म्हणून तोही निघाला, आणि जाता जाता आमच्या घरी जेवायला थांबला.

"सीपाह, तुझा नवरा नापास होणार," लिनुतचा, म्हणजे साबुदाण्याच्या खळीचा, घट्ट गोळा काडीवर गुंडाळत तो आईला म्हणाला.

"तुझ्या तोंडात चिखल पडो. का होईल?"

"गावापाशी वेग उतरवील. आजवर कप्तानाला सांगून लवकर निघायचा, म्हणून चालून जायचं. परीक्षेत निघायची वेळ साहेबाच्या हातात. इथे हळू झाला की वरच्या वाळूच्या पट्ट्यावरची भरती हुकली समज. भरलेलं जहाज मग पट्टा ओलांडत नाही."

"मग नको उतरवू म्हणावं!"

"मी? साहेबासमोर माझं तोंड बंद. मी नुसता शोभेला."

वेग उतरवण्याचं कारण आम्हीच होतो. आमच्या लुबोक गावच्या बायका नदीत खांब रोवून बांधलेल्या मचाणांवर साबुदाणा तुडवायच्या. चटईवर झाडाचा किसलेला गर, वरून नदीचं पाणी, आणि पायांनी नाचल्यासारखं तुडवायचं. दुधासारखं पाणी खालच्या डोणीत उतरून सत्त्व तळाशी बसायचं. मोठं जहाज वेगाने गेलं की लाट मचाणाखाली शिरून डोणी उलथवून टाकायची. दिवसाची मेहनत नदीत. बाबांचं जहाज मात्र मांजरीच्या पावलांनी जायचं. कप्तानाने कपाळावर आठ्या घातल्या तरी.

बुजांग गेल्यावर आईने शेजारच्या बायका बोलावल्या.

"उद्या कुणी साबुदाणा तुडवायचा नाही. डोण्या वर ओढून घ्या. जाऊ दे त्याला भरधाव."

"आणि माझा किसून ठेवलेला गर आंबला तर?" लाईसमावशी म्हणाली. ती प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणायची.

"तर माझा घे."

"तुझा आंबटच असतो. बरं, ओढते बाई."

दुसऱ्या दिवशी सगळ्या डोण्या घराखाली उलट्या पडल्या होत्या. चटया धुऊन वाळत घातलेल्या. आणि रिकाम्या हातांनी घरात कोण बसणार? आईने ठेवणीतला हिरवा सारोंग नेसला. लाईसमावशीने केसांना तेल लावलं. साहारी परीक्षा देताना बघायला म्हणून सगळ्या जणी पोरीबाळींसह मचाणांवर जाऊन उभ्या राहिल्या. मी आईच्या पुढे होते. जहाजाला उशीर झाला होता. शेवटी ते खालच्या वळणावर दिसलं आणि आम्ही ओरडायला लागलो, हात हलवायला लागलो.

जहाजाचा आवाज बदलला.

"अगं, हळू होतंय," लाईसमावशी म्हणाली.

आई दोन्ही हातांनी पुढे जा, पुढे जा अशा खुणा करू लागली. लांबून ते आणखी जोरात हात हलवल्यासारखंच दिसलं असणार. जहाज आमच्यासमोरून सरकत गेलं. लाट इतकी मंद की मचाणाचा खांबही ओला झाला नाही. वर बाबा दिसले. त्यांनी हात केला नाही. परीक्षेत हात करत नसतात.

पट्ट्यापाशी भरती उतरायला लागली होती. जहाज नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट बघत बसलं. परीक्षक साहेब वाईट माणूस नव्हते, बुजांग सांगायचा. त्यांनी बाबांना विचारलं, "वेग का उतरवलास?" बाबा म्हणाले, "बायका मचाणावर होत्या." साहेब म्हणाले, "पण मला जहाजाचं बघायचं आहे." पुढच्या वर्षी पुन्हा या, असा शेरा मिळाला.

घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "साबुदाणा वाचला ना?"

आईने होकाराची मान हलवली. गावातल्या एकाही बाईने त्यांना डोण्या उलट्या होत्या हे सांगितलं नाही. लाईसमावशीनेसुद्धा. बाबा वर्षभर तराफ्यांवर गेले, तळव्यांना घट्टे पडले.

पुढच्या वर्षी परीक्षेच्या दिवशी आईने सगळ्यांना दारं लावून घरात बसवलं. नदीकाठी कुत्रंसुद्धा फिरकू दिलं नाही. फटीतून मी पाहिलं, जहाज धडधडत गेलं. मचाणाच्या फळ्यांमधून पाणी उसळलं, एक जुनी चटई वाहून गेली.

बाबा परवाना घेऊन आले. आईने उमाई केली होती, कच्चा मासा, वर भरपूर लिंबू, त्यांना आवडायची तशी. ते जेवेनात.

"सेनाहचे बाबा, आता तरी हसा."

"गाव मेल्यासारखं दिसलं मला," बाबा म्हणाले. "एक माणूस नाही. इतकी वर्षं त्या वळणावरून आलो, असं कधी झालं नाही."

"तुमच्यासाठीच केलं."

"गेल्या वर्षीही माझ्यासाठीच केलं होतंस. चटया कोरड्या होत्या. डोण्या नव्हत्या."

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. "दिसलं होतं?"

"समोर आलो तेव्हा दिसलं. पण भरलेलं जहाज, एकदा वेग सोडला की लगेच धरत नाही."

"मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"तू हिरवा सारोंग नेसली होतीस," बाबा म्हणाले, आणि ताट पुढे ओढलं.

परीक्षक साहेब मलेशिया देश झाल्यावर आपल्या देशी परत गेले. पुढे त्यांचं काही कळलं नाही. बुजांग ठाण्याचा मुख्य झाला. म्हातारपणी सिबूला मुलाकडे राहायचा, साखरेच्या आजाराने गेला. लाईसमावशी पुष्कळ जगली, आणि साहारीचा परवाना माझ्या आंबलेल्या गरावर मिळाला असं शेवटपर्यंत सांगत राहिली. मी लग्न होऊन सारिकेईला आले. आता साबुदाणा कारखान्यात होतो, लुबोकला मचाण उरलं नाही.

आई बाबांच्या आधी गेली. तिच्यामागे आमचं मचाण मोडून पडलं, नुसते दोन खांब राहिले. नवे वाटाडे बाबांना चिडवायचे, "साहारीकाका, इथे आता कोण तुडवतंय?" बाबा त्यांच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. निवृत्त होईपर्यंत ते त्या खांबांपाशी वेग उतरवत राहिले. भरती त्यांनी पुन्हा कधी हुकवली नाही, कारण कप्तानाच्या मागे लागून ते मुखापासूनच लवकर निघायचे.