बाणूबाईच्या वाडग्यावरचा कॅमेरा

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. लग्नात नवरा-नवरीला "हसा, हसा" म्हणणाऱ्यांतला नव्हे. आमच्या जातीला कुणी हसून दाखवत नाही. आम्ही भिंतीवर नाहीतर खांबावर बसतो, दिवसभर एकाच बाजूला बघतो आणि जे दिसेल ते तारेतून दूर कुठेतरी पाठवून देतो. आमच्याखाली आलं की लोक उगाच शर्टाची बटणं चाचपतात. तुम्हीही चाचपली असतील, मला माहीत आहे.

माझी पहिली नोकरी हैदराबादेत, साड्यांच्या एका मोठ्या दुकानात होती. थंडगार हवा, गुळगुळीत फरशी, आणि समोर दिवसभर उलगडणाऱ्या साड्या. मालक गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट करून सांगायचा, "वो देखो, उसमें सब दिखता है." माझी मान ताठ व्हायची. पण दोन-तीन वर्षांत माझ्याहून तेज नजरेचे कॅमेरे बाजारात आले. मला काढून जिन्याखालच्या खोक्यात टाकलं. कालपर्यंत ज्याला बोट करून दाखवायचे, त्याच्यावर आज रिकामी खोकी रचली. जगाची रीतच आहे ती, पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

त्या खोक्यातून मला रविकुमारनं उचललं. नवे कॅमेरे बसवायला आला होता तो. हा पोरगा बीदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीचा, मेंढपाळाच्या घरातला. हैदराबादेला आला तेव्हा रस्त्याकडेला केबलसाठी चर खणायचा. चर खणता खणता तार ओढायला शिकला, तार ओढता ओढता कॅमेरे बसवायला शिकला. मालकाला त्यानं विचारलं, "हा जुना नेऊ का?" मालक म्हणाला, "लेके जा, कचरा है." मित्रांनो, तो शब्द मी अजून विसरलेलो नाही.

गावाकडे रविकुमारची माय एकटीच होती. तिचं नाव बाणूबाई. नवरा धुळाप्पा वारला होता आणि त्याच्यामागं त्याची काळी मेंढरं तिनं सांभाळली होती. घर हायवेला लागून. एकदा भरदिवसा टेम्पो थांबवून कुणीतरी दोन कोकरं उचलून नेली. तेव्हापासून पोराच्या जिवाला घोर लागला होता, मेंढरांचा कमी आणि मायचा जास्त. म्हणून त्यानं मला पिशवीत घातलं आणि बसमध्ये मांडीवर घेऊन गावी आणलं.

वाडग्याच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या आवाराच्या तोंडाशी त्यानं खांब रोवला आणि मला वर चढवलं. एका बाजूला वाडगं, दुसऱ्या बाजूला ओसरी, ओसरीवर बाज, अशी सगळी जागा माझ्या नजरेत येईल असा कोन धरला. मग टेलिफोनची लाइन घेतली, कारण इंटरनेट तिच्यातूनच यायचं. माझ्यामुळे त्या घरात फोन आला, हे मी छाती फुगवून सांगतो.

पण नुसती तार जोडून भागत नाही. हैदराबादेतून मला बघायचं तर माझा पत्ता लागतो. प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो, आणि दोघांना एकच दिला की दोघांचंही काम बिघडतं. रविकुमारनं मला माझा पत्ता दिला आणि राउटरला, म्हणजे ओसरीवरच्या त्या बत्त्यांच्या डब्याला बजावलं की बाहेरून कुणी विचारलं तर याच्याकडे पाठव. पुन्हा गंमत अशी की लाइन तुटली की घराचा बाहेरचा पत्ताच बदलायचा. त्यावरही त्यानं तोड काढली. माझं एक नाव नोंदवलं. पत्ता बदलला तरी नाव तेच राहायचं. माझ्या पोटात बारीकसा कानही आहे, पण आवाज पाठवायला लाइन पुरेना, म्हणून त्यानं तो पाठवणं बंद केलं. मला सगळं ऐकू यायचं, पण पुढे जायचं फक्त चित्र.

"माय, आता तू मला रोज दिसशील," तो जाताना म्हणाला.

बाणूबाईनं माझ्याकडे वर बघितलं. "ह्याला जेवायला काय लागतंय?"

"करंट लागतंय. आतल्या दाराआड पिन हाय, तिला हात लावू नको."

मन्नाएखेळ्ळीत मला साडीच्या दुकानातला थाट नव्हता. ट्रकांची धूळ, लेंड्यांचा वास, रात्री माझ्या लाल उजेडाला येणारे किडे आणि किड्यांपायी जाळं विणणारे कोळी. पण बाणूबाई काठीला फडकं बांधून माझं तोंड पुसायची. "बस रे लेकरा, बघ," म्हणायची. आजवर मला कुणी लेकरू म्हटलं नव्हतं. तिची भोरी नावाची मेंढी रोज माझ्या खांबाला पाठ घासायची आणि मग हैदराबादेत रविकुमारला सगळं गाव हलताना दिसायचं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या भागात कामाच्या सगळ्या वस्तूंची पूजा करतात. बाणूबाईनं कात्रीला, कुऱ्हाडीला, घोंगडीच्या मागाला भंडारा लावला आणि शिडी लावून मलाही लावला, थेट काचेवर, चांगला बोटभर. हैदराबादेत सगळं पिवळंधमक झालं. रविकुमारनं आधी रंग बदलून बघितले, मग राउटर बंद करून चालू करायला लावला, मग फोनवरून एकेक बत्ती विचारली.

"माय, हिरवी बत्ती लागली का?"

"लागली की. लुकलुक करायली."

"आन् दुसरी?"

"ती बी लागली. तू जेवलास का?"

असं बोलणं चाललं होतं. बत्त्यांवरून गोष्ट जेवणावर गेली, जेवणावरून त्याच्या खोलीवर, खोलीवरून भोरीच्या कोकरावर. शेवटी ती सहज म्हणाली, "आज ह्याची बी पूजा केली बघ, डोळ्याला भंडारा लावला." तिकडं पोरगा इतका हसला की फोनमधून मला ऐकू आलं. बाणूबाईही पदर तोंडाला लावून हसत होती. त्या दिवशी ती मेंढरांमागं गुणगुणत गेली.

काच पुसली, चित्र स्वच्छ झालं आणि फोन यायचे थांबले.

मी आलो नव्हतो तेव्हा रविकुमार दर सोमवारी हायवेवरच्या फोनबूथवर फोन करायचा आणि बाणूबाई नवं लुगडं नेसून तिथे जाऊन बसायची. आता घरात फोन होता, तर तो वाजेना. तिनं शेजाऱ्याच्या पोराकडून नंबर लावून घेतला की उत्तर यायचं, "माय, शिडीवर हाय, मागनं करतो." मागनं काही यायचा नाही. एकदा तिनं विचारलंच, "कामून फोन करत न्हाईस रे?" तो म्हणाला, "रोज बघायलोय की तुला. बरी दिसायलीस." पोरगा खोटं बोलत नव्हता. काम संपलं की तो दुकानातल्या कॉम्प्युटरवर मला उघडायचा, माय भाकरी थापताना दिसली की त्याचा जीव भांड्यात पडायचा आणि तो निवांत झोपायला जायचा. प्रेम होतंच हो. पण ते सगळं माझ्या तारेतून एकाच दिशेनं जात होतं.

मध्ये एका कोकरानं माझी तार चघळली. मी बंद पडलो आणि संध्याकाळी लगेच फोन आला. तार सांधून होईपर्यंत तो रोज येत राहिला. बाणूबाई शाळेत गेली नव्हती, पण दोन आणि दोन चार हे तिला कळत होतं.

तार सांधल्यावर थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी मी तिची पावलं आतल्या दाराकडे जाताना ऐकली आणि माझ्यापुढे अंधार झाला.

मी परत जागा झालो तेव्हा तिचं फोनवरचं बोलणं संपत आलं होतं. "व्हय, व्हय, लागली आता बत्ती. नीट जेवत जा," म्हणत तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून अशी हसली की मला रागावताच आलं नाही. मग हे वरचेवर होऊ लागलं. सोमवार आला की माझी पिन निघायची. बंद पडणं माझ्या कामाला बट्टा लावणारं, पण खरं सांगू, ती दाराकडे निघाली की मलाच बरं वाटायचं. म्हणायचो, जा बाई, काढ.

पण तिकडे रविकुमार काय समजत होता? त्याला वाटलं, कॅमेरा संपला. आज मेंढरं नेली तर कळणार नाही. उद्या माय ओसरीवर पडली तर कळणार नाही. एका संध्याकाळी मी जागा झालो आणि बाणूबाई फोन कानाला लावून बसलेली दिसली. मग हळूच म्हणाली, "मेंढरं कामून विकायची? हैदराबादेला मी काय करू?" पलीकडून पुष्कळ बोलणं झालं. तिनं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या रात्री ती बाज वाडग्यात ओढून मेंढरांजवळ निजली.

त्यानंतर तिनं पिनेला हात लावला नाही. मी एकदाही बंद पडलो नाही. बिचारी माझ्यासमोर मुद्दाम ताठ चालायची, भरभर झाडायची, धडधाकट दिसावी म्हणून. फोन वाजला तरी दोन शब्दांत आटपायची. पण पोरानं मनात पक्कं केलं होतं.

येळवशीला तो आला. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी शेतात पूजा होते आणि सगळे भज्जी, आंबील, उंडे खाऊन तृप्त होतात. शेतातून परतल्यावर त्यानं माझी तपासणी मांडली. टेस्टरनं करंट बघितला. अडॅप्टर नवा लावला. तारेची दोन्ही टोकं कापून नवे प्लग बसवले आणि आठही बारीक तारा एकेक करून तपासल्या. पत्ता बघितला, राउटर बघितला. सगळं ठणठणीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. शेवटी त्यानं मला खांबावरून उतरवलं, लॅपटॉपला जोडून बाजेवर ठेवलं, आभाळाकडे तोंड करून, आणि म्हणाला, "हाच गेलाय. काही भरवसा न्हाई ह्याचा." चोर सोडून संन्याशाला फाशी!

तेवढ्यात मेंढरांचा व्यापारी गुरुलिंग आला. रविकुमारनंच त्याला बोलावलं होतं. मला फक्त आभाळ दिसत होतं, पण वाडग्याचं फाटक उघडलेलं ऐकू आलं. भोरी ओरडली.

"ही जुनी हाय अक्का, पण अंगानं भरलीय," गुरुलिंग म्हणाला. "आज सण हाय, नुसतं बघून जातो. परवा गाडी आणतो."

"तिच्या पाठीवरचा हात काढ, अण्णा," बाणूबाई म्हणाली.

मग तिची पावलं बाजेपाशी आली.

"रवी, त्या कॅमेऱ्याला काही झालेलं न्हाई. पिन मी काढत व्हते."

"तू? कामून?"

"तू फोन करावास म्हणून." ती म्हणाली. "तो चालू असला की तुला मी दिसायचे. मला तू कुठं दिसत व्हतास? तू जेवलास का, वाळलास का, शिडीवरनं पडलास का, मला कोण दाखवणार? बंद पडला की तेवढं तुझं बोलणं कानी पडायचं. मेंढरं घालव म्हणायलास, घालवते. पण त्या मुक्या वस्तूला बोल लावू नको."

मी आभाळाकडे बघत पडलो होतो. मला तिचा चेहरा दिसला नाही आणि त्याचाही नाही. बाजेची दोरी करकरली, म्हणजे तो माझ्याशेजारी बसला असावा. बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत होता.

"मी हायवेवर च्या पिऊन येतो, अक्का," गुरुलिंग हळूच म्हणाला आणि त्यानं फाटक लावून घेतलं.

"माझंच चुकलं, माय," रविकुमार म्हणाला. "तुला बघत व्हतो आन् तुला इचारायचंच राहिलं."

दिवस मावळायच्या आत त्यानं मला परत खांबावर चढवलं. पण स्क्रू आवळण्याआधी त्यानं माझी मान धरून थोडी वळवली. वाडगं दिसत राहिलं. फाटक दिसत राहिलं. ओसरी, बाज, चूल आणि बाणूबाई माझ्या नजरेतून निघून गेली.

"आता मला मेंढरंच दिसतील," तो शिडीवरून म्हणाला. "तुझी खबर तुझ्याकडूनच घ्यावी लागंल."

मित्रांनो, मी आता खरोखर म्हातारा झालो आहे. काच पिवळी पडली, रात्री नीट दिसत नाही. माझ्यासारखं यंत्र तुमच्या घरी असेल तर त्याची काच पुसत जा, कोळिष्टकं काढत जा, तार कोकरांपासून लांब ठेवा. आणि त्याच्यात तुमचं माणूस बरं दिसलं म्हणून गप्प बसू नका. आम्हाला भाकरी थापणारे हात दिसतात. ते कुणाची वाट बघतात ते आम्हाला दाखवता येत नाही.

बाणूबाई मला दिसत नाही. खाली येऊन काठीनं तोंड पुसते तेवढीच. पण रोज दिवे लागले की ओसरीवर फोन वाजतो आणि वाडग्यातली सगळी मेंढरं एकदम माना वर करून तिकडे बघतात. हैदराबादेत फोन कानाला लावून बसलेल्या रविकुमारला तेवढंच चित्र दिसतं. भोरी सगळ्यांच्या आधी मान खाली घालून चरू लागते, म्हणजे मायनं फोन उचलला.