एल्याकीमच्या चुलीतला धूर

त्या वर्षी थंडी अशी पडली होती की गाईचं दूध बादलीत ठणकन वाजायचं. हसू नका. मी ते कुऱ्हाडीनं फोडून खाल्लंय. प्रार्थनाघरात शेगडी नव्हतीच. पाद्रीबुवा म्हणायचे, ऊब पाहिजे तर देवाच्या वचनातून घ्या. आणि त्यांचं प्रवचन म्हणजे काय सांगू! वर तुळईवर एक कबुतरी अंड्यांवर बसली होती, आणि प्रवचन संपेस्तोवर तिची पिल्लं उडूनसुद्धा गेली.

त्या प्रवचनात कुणी पेंगू नये म्हणून शुबाएल पिनी हातात लांब काठी घेऊन फिरायचा. काठीच्या एका टोकाला लाकडी गोळा, दुसऱ्याला कोल्ह्याचं शेपूट. पुरुष पेंगला की टाळक्यात गोळा, बाई पेंगली की नाकाखाली शेपूट. दुपारी दोन प्रवचनांच्या मधे आम्ही मक्याची गार भाकरी चावत बसलो, की हा गावभर हिंडायचा. कोण आलं नाही, शब्बाथच्या, म्हणजे देवाच्या विसाव्याच्या दिवशी कुणी काम केलं, हे बघायचं याचं काम. नाक असं होतं मेल्याचं की टेकडीपलीकडे कुणी कांदा चिरला तरी याला वास यायचा.

पण घरच्यांकडे लक्ष शून्य. त्याची आई, आमची हिटी आजी, गुडघ्यांनी अधू होती. एका शब्बाथला सकाळी ती म्हणाली, "शुबाएल, थांब रे जरा, बर्फावर पाय सरकतो माझा."

"आई, प्रार्थनाघराचं दार मला उघडायचं असतं. तू ये हळूहळू."

म्हातारी हळूहळू निघाली. लांबच्या रस्त्यानं उशीर होईल, पोराला लाज येईल, म्हणून गोठलेल्या ओढ्यावरून गेली. मधोमध बर्फ फुटला आणि ती कमरेपर्यंत पाण्यात गेली.

तिला बाहेर काढलं एल्याकीमनं. ओढ्यापलीकडे राहणारा हा पिंपं बनवणारा गावातला एकमेव क्वेकर, म्हणजे आमच्याहून वेगळ्या पंथाचा ख्रिस्ती. त्याला केव्हाच हाकलला असता, पण त्याच्या पिंपांशिवाय आमची सफरचंदाची दारू टिकत नव्हती, म्हणून राहू दिला होता. हे क्वेकर कुणापुढे टोपी काढत नाहीत, शपथ घेत नाहीत आणि सगळ्यांना अरे-तुरे करतात. न्यायाधीशाला अरे आणि मांजराला पण अरे.

एल्याकीमनं आजीला उचलून घरी नेलं, स्वतःची कोरडी विजार, सदरा दिला, चुलीपुढे निजवलं. घरातली लाकडं संपली. मग पिंपांसाठी घासूनपुसून ठेवलेल्या फळ्या अंगणात आणून फोडायला लागला.

आजी कुडकुडत म्हणाली, "माझं नाव कुणाला सांगू नकोस रे बाबा. आईला मागं टाकून गेला म्हणून लोक त्याला बोलतील."

"नाही सांगणार," तो म्हणाला. आणि क्वेकर एकदा नाही म्हणाला की नाही.

दुपारी शुबाएलला धूर दिसला. येऊन बघतो तर शब्बाथच्या दिवशी कुऱ्हाड!

"काय रे पाखंड्या, देवाच्या दिवशी लाकडं फोडतोस?"

"फोडतोय. आत ये शुबाएल, कुणासाठी पेटवलंय ते बघ."

"तुझ्या उंबऱ्याला माझी वहाण लागायची नाही!"

तीन पावलांवर त्याची आई निजली होती हो. तीन पावलांवर! पण हा दोन गडी घेऊन आला आणि एल्याकीमला ओढत प्रार्थनाघरासमोर घेऊन गेला.

आमचे न्यायाधीश भाकरीचे कण झटकत बाहेर आले. म्हणाले, "खटला उद्या. आज शब्बाथ आहे. तुला काही सांगायचंय?"

"सांगायचंय. माझ्या घरी एक आजारी माणूस आहे. कुणालातरी पाठव, विस्तव विझेल."

"पाठवा म्हण, उद्धटा! आणि आधी शपथ घे, मग ऐकतो."

"मी शपथ घेत नाही. रोज खरंच बोलतो, मग आजचं खरं वेगळं कुठून आणू?"

"शपथ नाही, तर साक्ष नाही," न्यायाधीश म्हणाले.

"अरे, पण ऐक तर..."

तो तोंड उघडतोय तोच शुबाएलनं ते कोल्ह्याचं शेपूट त्याच्या तोंडात कोंबलं. अख्खं गाव हसलं. मग त्याचे पाय दाराबाहेरच्या लाकडी खोड्यात अडकवले आणि सगळे प्रवचनाला आत गेले. ओढत आणताना त्याचे जोडे निघाले होते. ते पायात घालावेत, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

प्रवचन नरकाच्या आगीवर होतं. आम्ही मन लावून ऐकत होतो, तेवढीच ऊब. इतक्यात दार धाडकन उघडलं. हिटी आजी! पुरुषाची विजार दोरीनं बांधलेली, डोक्यावर क्वेकरची ती भलीमोठी टोपी. बायकांच्या बाकांवर हसू फुटलं. शुबाएल काठी घेऊन धावला.

"आई! हे काय सोंग? लाज नाही वाटत?"

"वाटते ना," आजी म्हणाली. "ओढ्यात बुडत होते, तर ज्यानं काढलं त्याला तू बाहेर उघड्या पायांनी बसवलंयस. विस्तव विझला म्हणून जागी झाले, त्याला शोधत आले. लाज वाटते रे बाबा, फार वाटते."

कुणी हसेना. पाद्रीबुवांनी नरक तिथंच सोडून पुस्तक मिटलं. शुबाएलच्या कानांपासून मानेपर्यंत असा रंग चढला की म्हणाल तर त्यावर भाकरी भाजून घ्यावी. खोडा उघडायला तोच धावला. एल्याकीमला उभंच राहता येईना. त्याला उचलून घरी न्यावं लागलं. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली, ती कापावी लागली.

आमच्याकडे रीत अशी की चुकलेल्यानं सगळ्यांसमोर उभं राहून कबूल करायचं, आणि सगळ्यांनी हात वर करून क्षमा करायची. पुढच्या शब्बाथला शुबाएल उभा राहिला. खाली मान घालून छान बोलला, बायका रडल्या. सगळ्यांचे हात वर झाले. हिटी आजीचा तेवढा खाली.

"इथं कुणाला सांगतोयस?" ती बसल्या जागेवरून ओरडली. "यांचे पाय गारठले होते का?"

गेला बिचारा एल्याकीमकडे. संध्याकाळी मागच्या झाडीतून गेला, कुणी बघू नये म्हणून. आजी काठी टेकत मागं होतीच. तिनं मला सांगितलं ते असं.

एल्याकीम चुलीपाशी पाय उशीवर ठेवून बसला होता. शुबाएलनं दारातूनच सुरू केलं, "मी पापी, मी आंधळा, माझ्या गर्विष्ठ हृदयानं..." सकाळचंच, शब्दन् शब्द.

एल्याकीमनं सगळं ऐकलं. म्हणाला, "पाठ चांगलं केलंयस. बस."

आणि गप्प झाला. क्वेकर गप्प बसतात ती त्यांची प्रार्थना असते म्हणे, पण शुबाएलला कुठून सवय असणार? आमच्याकडे सगळं बोलूनच होतं. तो बाकावर चुळबुळत राहिला. चुलीत फळ्या तडतडत होत्या. बराच वेळ गेला. मग त्याचं लक्ष त्या चिंध्या बांधलेल्या पायाकडे गेलं आणि तिथंच खिळलं.

"दुखतं का?" त्यानं विचारलं.

आमच्यातला कुणीही म्हणाला असता, छे छे, आता काही नाही. समोरच्याच्या जिवाला तेवढाच आराम. पण क्वेकरला तेवढंही खोटं चालत नाही.

"दुखतं," एल्याकीम म्हणाला.

"फार?"

"रात्री फार."

शुबाएलनं तोंड हातात लपवलं. पाठ केलेलं एकही वाक्य त्याला पुन्हा आठवेना. आजी म्हणते, लहानपणी ताप आला होता तेव्हा रडला होता, त्यानंतर त्या दिवशीच.

"माफ केलंस का रे मला?" तो म्हणाला.

"केलं. पण चिंधी बदलायची राहिलीय, आणि मला वाकता येत नाही."

शुबाएल खाली बसला. चिंधी सोडवली, आतलं बघितलं आणि डोळे मिटले.

"डोळे उघड," एल्याकीम म्हणाला. "मिटून बांधलीस तर सैल राहील."

त्यानं उघडले. जखम भरून येईस्तोवर तो रोज गेला, पण नंतर झाडीतून नाही. भर दुपारी, गावातल्या रस्त्यानं, हातात तुपाची वाटी आणि धुतलेल्या चिंध्या घेऊन, सगळ्यांच्या खिडक्यांसमोरून. खाली घातलेली मान मात्र त्यानं कधी वर केली नाही.