सोनूबाईची खरी फुंकर

मी एक जुनी लोखंडी फुंकणी आहे. मित्रांनो, चुलीतला जाळ पेटता राहावा म्हणून बायका जिच्यातून फुंकर घालतात ना, तीच. लोहाराने मला घडवलं आणि संगमेश्वराजवळच्या खेड्यात सोनूबाईच्या चुलीशी मी चाळीस वर्षं राबले. घरात गॅस आला तरी तिची भाकरी चुलीवरच. "हिच्याशिवाय माझी भाकर फुगायची नाय," असं ती चारचौघींत सांगायची, तेव्हा मला भारी वाटायचं. धूर उलटून तिच्याच छातीत जातो हे मला कळलं, तोवर ती छाती शिट्टीसारखी वाजू लागली होती.

गेल्या वर्षी रत्नागिरीच्या एका दवाखान्यात प्रयोग सुरू झाला. फुप्फुसांचा जुना आजार पुन्हा पुन्हा उचल खातो, ते औषधांच्या जोडीला ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून कमी होतं का, हे बघायचं होतं. काहींना खऱ्या सुया, काहींना नुसत्या टेकवायच्या बोथट; कोणाला कोणत्या, ते सांगायचं नाही. सोनूबाईनेही नाव दिलं, आणि फुंकरीचा जोर आकड्यात दाखवणारी एक प्लास्टिकची नळी तिला घरी मिळाली. सकाळी आधी तिच्यात फुंकायचं, आकडा वहीत लिहायचा, मगच औषधाचा पंप ओढायचा. आकडा घसरला तर लगेच फोन करायचा. ती नळी फळीवर माझ्याच शेजारी ठेवलेली.

सुया टोचणारी डॉक्टर अक्षया सोनूबाईच्या नातीएवढी. सोनूबाईला ती फार आवडली, आणि घोटाळा तिथेच झाला. सोनूबाई आधी पंप ओढायची, जरा दम खायची आणि मग फुंकायची. पंपाने छाती मोकळी झालेली, त्यामुळे आकडा छान यायचा.

"आई, तुम्ही उलटं करताय," सून ऋतिका म्हणाली.

"गप गो! पोर एवढी राबते. पाहुण्याच्या पानात करपलेली भाकर वाढू काय?"

मी सगळं बघत होते. मला तोंडं दोन, पण बोलायला एकही नाही.

भाजावळीचे दिवस आले. शेताशेतात पालापाचोळा जळू लागला, गावभर धूर. सोनूबाईची धाप वाढली. वहीतले आकडे मात्र ठणठणीत, त्यामुळे फोन गेलाच नाही. शेवटी एका दुपारी तिचे ओठ निळे पडले आणि ऋतिकाने रिक्षा बोलावून तिला नेलं. सात दिवस चूल थंड होती. माझ्या जिवाला घोर.

ती घरी आली, मागोमाग अक्षयाही. ऋतिकाने तिला सगळं सांगितलं होतं.

"आजी, तुमची वही मला बाद करावी लागेल."

"म्हंजे माझ्यापायी तुझा प्रयोग फसला ना गो?"

"सुयांचा गुण नाही आला, तर नाही आला असं लिहीन. पण तुम्हीच गेलात तर विचारू कोणाला?"

"मेली, फटकळच आहे," सोनूबाई पुटपुटली आणि पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या सकाळी पंपाला हात न लावता तिने नळीत फुंकलं. आकडा इतका खाली, की ऋतिका बघतच राहिली.

"बघतेस काय? आहे तो लिही. आणि लाव फोन."

सुयांनी गुण येतो की नाही, ते अजून कोणालाच ठाऊक नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी विनवतात, आम्हाला जपा म्हणून. मी उलटं सांगते. मला जपू नका. तुमच्या घरी कोणी धुरात खोकत बसली असेल, तर तिच्या हातातून मला काढून घ्या. कालच ऋतिकाने मला माळ्यावर टाकलं. इथून चूल दिसत नाही. सकाळची नळीतली तिची फुंकर तेवढी ऐकू येते. आज ती फारच बारीक होती; पण खरी होती.