आधी हत्तीला लागलेला हात

मी काळा हत्ती बोलतोय. सोंड शोधू नका, ती मला नाही. बुद्धिबळाच्या पटावर राजाच्या बाजूच्या कोपऱ्यात उभा असतो, तो मी. एका कारागिराने मला लाकडातून घडवलं, बुडाला हिरव्या लोकरी कापडाची बनात चिकटवली आणि मी एका क्लबात रुजू झालो.

डाव सुरू झाला की प्यादी धावतात, घोडे उड्या मारतात आणि मी आपला ताटकळत. किल्लेकोट करायची वेळ आली की मग माझी आठवण होते. राजा दोन घरं माझ्याकडे सरकतो, मी त्याच्या पलीकडे जाऊन पहारा देतो. मात्र उचलायचं आधी राजाला, मग मला. आणि स्पर्धेत ज्या मोहऱ्याला हात लावला ते चालवावंच लागतं; आधी मला धरलं, तर किल्लेकोट हुकला.

क्लबात एक शिंपीणबाई यायच्या. संसारापायी कित्येक वर्षं त्यांचा खेळ सुटला होता. पण यंदा त्या अशा काही खेळल्या, की शेवटचा डाव जिंकला असता तर थेट देशपातळीच्या स्पर्धेत गेल्या असत्या. समोर गेल्या वर्षीचे विजेते वकीलसाहेब. बाईंनी सुरुवात इतकी देखणी केली की वकीलसाहेब कपाळ चोळायला लागले. मग खेळी करून ते पाणी प्यायला उठले. आता किल्लेकोट झाला की बाईंचा राजा सुरक्षित होणार होता.

बाईंनी हात पुढे केला आणि घाईत आधी मलाच धरलं.

त्या थबकल्या. पंच दूरच्या टेबलाशी होते, बाकीचे आपापल्या डावात गुंग. मी मनात म्हटलं, बाई, सोडा मला, उचला राजाला. मी थोडाच चुगली करणार आहे!

बाईंनी मला एक घर सरकवलं आणि घड्याळ दाबलं.

राजा उघड्यावर राहिला. वकीलसाहेबांनी मधली फळी फोडली. बाई शेवटच्या प्याद्यापर्यंत झुंजल्या, पण हरल्या.

हात मिळवताना वकीलसाहेबांनी विचारलं, "किल्लेकोट का नाही केलात?"

"हात आधी हत्तीला लागला."

"मी तर इथे नव्हतो. कोणी पाहिलं होतं का?"

"मी पाहिलं ना," बाई म्हणाल्या.

साक्षीपुराव्यात आयुष्य घालवलेल्या त्या माणसाने बाईंचा हात पुन्हा एकदा हातात घेतला.

आता क्लबात प्लॅस्टिकचे संच आलेत. माझी बनात निघाली, मी पेटीत पडून असतो. राजाच्या कामी मी आलो नाही, पण त्या बाईंच्या हाताखाली खेळलो याचा मला फार अभिमान आहे. तुम्ही कधी खेळायला बसलात, तर आधी राजाला उचला. पण चुकून हात माझ्यावर पडला आणि आजूबाजूला कोणी नसलं, तर मलाच चालवा.