नाकावरची रेघ

चौकाचौकात चेहरे ओळखणारे कॅमेरे बसवायचे की नाही, याचा कौल रविवारी सकाळी नगरपालिकेच्या सभागृहात घ्यायचं ठरलं, आणि विरोध करणाऱ्यांनी आपली तोंडं रंगवून घ्यायला गावातली एकुलती एक रंगभूषाकार गाठली. ही बाई तीस वर्षं नाटकवाल्यांची तोंडं रंगवत आलेली. मोहिमेचे म्होरके निवृत्त विज्ञान शिक्षक होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. कंपनीने सभागृहात कॅमेरा आणि मोठा पडदा लावून "या, करून बघा" असं आवतण दिलं होतं. मास्तरांचा बेत सरळ होता: रंगवलेली तोंडं घेऊन जायचं, यंत्राला चकवायचं, आणि गावाला दाखवायचं की ज्याच्यावर एवढा भरवसा टाकताय ते डबीभर रंगाला भुलतं.

"चकेल ना हो?" मास्तरांनी विचारलं.

"मला काय माहीत? तेच तर बघायचंय," ती म्हणाली.

बघायचं होतं ते काही नुसती हौस म्हणून नाही. तिला हा धंदा शिकवला तिच्या वडिलांनी, आणि वडील आता एकेक विसरत चालले होते. आधी किल्ल्या, मग शेजारी, मग पोटची पोरं. तिला ते "बाई" म्हणत आणि चहा दिला की आभार मानत. ते आभार तिला शिवीपेक्षा लागत. दोनदा ते घरातून निघून गेले, दुसऱ्या खेपेला पार बसस्थानकावर सापडले. तेव्हापासून धाकट्या भावाने धोशा लावला होता की दारांना कुलपं असलेली एक चांगली संस्था आहे, तिथे ठेवू. "ते आपल्याला ओळखतच नाहीत, ताई. मग इथे काय अन् तिथे काय?" भांडून भांडून शेवटी एवढंच ठरलं, की कॅमेरे आले आणि भरवशाचे निघाले, तर बाबा कुठेही गेले तरी सापडतील, मग ते घरीच राहतील. नाहीतर पुढच्या महिन्यात संस्था.

म्हणजे यंत्र फसलं तर मास्तर जिंकणार आणि बाबा जाणार. काम मुद्दाम वाईट करावं असं तिच्या मनात एकदा येऊन गेलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

रविवारी घरी कोणी नव्हतं, म्हणून बाबाही आले. धाकटा त्यांना घेऊन पहिल्या रांगेत बसला. आधी प्रत्येकाचा धुतल्या तोंडाचा फोटो काढून नाव यंत्रात भरलं, मग तिने मंचामागे आरशासमोर एकेकाला बसवलं. मास्तरांचं अर्धं तोंड निळं केलं, गालांवर काळे त्रिकोण काढले, कपाळावर पांढरे पट्टे ओढले. मास्तरांना बघून त्यांच्या बायकोने पदराने तोंड झाकून हसून घेतलं.

मास्तर ऐटीत कॅमेऱ्यासमोर गेले. खुणेच्या जागी पोचायच्या आतच पडद्यावर त्यांच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट आली, आणि खाली त्यांचं नाव. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचंही तेच. सभागृह खो खो हसलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कंपनीची अभियंता, कुरळ्या केसांची एक हसरी मुलगी, मात्र हसली नाही. ती मास्तरांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघत राहिली.

"हे तुम्ही असं का केलंत?" तिने विचारलं.

"कसं?"

"डोळ्यांच्या कडा गडद, नाकावर उजेड, जबड्याखाली सावली. आमच्या यंत्राला जे शोधावं लागतं ते तुम्ही बोट ठेवून दाखवलंय. धुतल्या तोंडापेक्षा लवकर ओळखलं त्याने."

बाईने स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही चेहरा कळला पाहिजे, ही बाबांची पहिली शिकवण. त्रिकोण काय न् पट्टे काय, त्यांच्याखाली हाताने न विचारता आपलं तेच जुनं काम उरकलं होतं.

"झालं तर," धाकटा खालून म्हणाला. "भरवशाचं आहे. बाबा घरी."

आता शहाण्या माणसाने पेटी आवरली असती. पण तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. शिवाय बापाला ज्याच्या हवाली करायचं त्याला एकदा नीट पारखून घ्यायला नको?

"आणि उलटं केलं तर?" तिने कुरळीला विचारलं.

कुरळीचे डोळे चमकले. "मलाही बघायचंय. करा."

आपला फोटो काढून देऊन बाई स्वतःच आरशासमोर बसली. उजेड तिथे सावली, सावली तिथे उजेड. डोळ्यांच्या कडा पुसून टाकल्या, जबडा मानेत मिसळवला, नाकाच्या दांडीवर गडद रेघ ओढली. कॅमेऱ्यासमोर उभी राहिली तेव्हा चौकट पडद्यावर इकडेतिकडे भटकली, आणि खाली अक्षरं आली: अनोळखी.

मास्तरांनी टाळी वाजवली. धाकट्याचं तोंड उतरलं. "ताई, काय केलंस हे? आपल्याच पायावर धोंडा?"

कळलं याचा तिला आनंद होता, आणि जे कळलं त्याने बाबा जाणार होते. तेवढ्यात बाबा उठले, मंचाच्या पायऱ्या चढले. पडद्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ तिच्याजवळ आले आणि दोन बोटांनी तिची हनुवटी उजेडाकडे वळवली.

"पुन्हा शेंड्यापर्यंत नेलीस," ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"रेघ. शेंड्याच्या अलीकडे थांबवायची. किती वेळा सांगितलं, पोरी. तुझ्या हाताला थांबणं म्हणून माहीत नाही."

आणि अंगठ्याने त्यांनी रेघेचं टोक पुसलं. ती रडायला लागली, सगळ्या सभागृहासमोर, रंगाचे ओघळ गळ्यापर्यंत. अध्यक्षांनी घसा साफ करून कौल पुढे ढकलल्याचं जाहीर केलं. यंत्र आणखी तपासायला हवं, असं खुद्द कुरळीच म्हणाली होती.

धाकटा मंचावर आला. बाबांनी त्याच्याकडे पाहून अदबीने मान लववली.

"आपण कोण?"

हा प्रश्न त्याने घरी रोज ऐकला होता आणि रोज झटकून टाकला होता. आज झटकता आला नाही. लहानपणी बाबांनी रंगाची डबी उघडली की हा पलंगाखाली जाऊन बसायचा. ताई तासन् तास आरशासमोर बसायची, याने मात्र एकदाही तोंडाला ब्रश लागू दिला नव्हता.

"संस्थेला नाही म्हणून कळवतो," तो बहिणीला हळूच म्हणाला. मग स्टूल ओढून बाबांसमोर बसला आणि त्याने चेहरा वर केला.

"मला रंग लावता का?"